कूलरला चिकटलेला प्रोसेसर: ओढू नका, आधी फिरवा

तुमची अडचण थोडक्यात अशी: पाच वर्षांपूर्वी जोडलेला पीसी, बी ४५० चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर आणि त्याच्याच खोक्यातून आलेला कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारी धातूची पाती आणि त्यावरचा फॅन. आता त्याच्या जागी बसवायला नवा प्रोसेसर, रायझन ५ ५६००, घेतलाय. कूलरचे चारही स्क्रू सुटले, पण कूलर जागचा हलत नाही. ओळखीचा एक जण म्हणतो, ‘जोर लाव, निघेल.’ दुसरा म्हणतो, ‘निघेल, पण प्रोसेसर घेऊनच निघेल.’

दोघंही खरं बोलतायत. म्हणून आधी कूलरवरून हात काढा. अजून काहीही बिघडलेलं नाही. या कामात जे काही बिघडतं ते शेवटच्या दोन सेकंदांत, आणि बहुतेक वेळा कंटाळा आल्यावर.

दुरुस्तीच्या धंद्यात मला वीसेक वर्षं झाली. हा प्रकार महिन्यातून एकदा तरी दुकानात येतो. कधी गिऱ्हाईक ‘सीपीयू अडकलाय’ असं फोनवर सांगतं आणि अख्खं कॅबिनेट टेबलावर आणून ठेवतं, कारण आपल्याकडे त्या डब्यालाच सीपीयू म्हणायची पद्धत आहे. कधी नुसता कूलर आणतं, आणि त्याच्या बुडाला प्रोसेसर लटकलेला असतो, पिना वर करून, पाठीवर पडलेल्या झुरळासारखा.

असं का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे हात आपोआप योग्य दिशेला जातील. कूलरचं बूड आणि प्रोसेसरची धातूची टोपी यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. नवी असते तेव्हा ती लोण्यासारखी. चार-पाच वर्षं रोज तापून-निवून तिच्यातला तेलकट भाग निघून जातो आणि मागे राहतो तो भुकटीचा घट्ट थर. खोक्यातल्या कूलरला कारखान्यातच लावून येणारी करडी पेस्ट तर मुळातच घट्ट. त्यात दोन्ही पृष्ठभाग सपाट, मध्ये हवेला जागा नाही. एकात एक अडकलेले स्टीलचे पेले आठवा. ते सरळ ओढून निघत नाहीत. घरात आपण काय करतो? बाहेरच्या पेल्यावर गरम पाणी ओततो आणि पेला फिरवतो. इथेही तेच करायचंय, फक्त पाण्याशिवाय.

आता सॉकेटकडे, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेकडे या. तुमचं एएम ४ सॉकेट आहे. त्यात पिना प्रोसेसरला असतात, १३३१, आणि सॉकेटला नुसती भोकं. बाजूची छोटी दांडी खाली केली की सॉकेटच्या आतली पकड आडवी सरकते आणि प्रत्येक पिनेला बाजूने दाबून धरते. वरून झाकण नाही, चौकट नाही. म्हणजे प्रोसेसर धरून ठेवलाय तो केवळ घर्षणाने. ही पकड आडव्या जोराला पक्की असते, कारण जोर १३३१ पिनांत वाटला जातो. पण सरळ वर ओढलं तर ती कच्ची ठरते. त्या वाळलेल्या पेस्टची ताकद सॉकेटच्या पकडीपेक्षा जास्त भरली, की दांडी बंद असतानाच प्रोसेसर उपटून येतो. आणि दांडी आधी उघडावी म्हटलं तर ती कूलरखाली दबलेली असते. म्हणून फिरवणं सुरक्षित आणि ओढणं धोक्याचं. बाकी सगळी कृती यातूनच निघते.

तर आता कूलरचे स्क्रू परत बसवा. हो, परत. फॅनची वायर काढली असेल तर तीही लावा आणि मशीन सुरू करा. तसंही तुम्हाला ते एकदा सुरू करावंच लागणार होतं, कारण बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, अपडेट केलंय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. बी ४५० चे बोर्ड ५००० मालिकेच्या आधीचे. जुन्या बायोसवर ५६०० बसवला तर पडदा काळाच राहील, आणि मग अपडेटसाठी हाच ३६०० परत लावायची वेळ येईल. बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलची प्रोसेसरांची यादी असते. त्यात ५६०० समोर बायोसची जी आवृत्ती दिली असेल ती किंवा तिच्यानंतरची टाका. टाकताना वीज गेली तर नवीन दुखणं, म्हणून यूपीएस नसेल तर लोडशेडिंगच्या वेळा टाळून करा.

दुसरं, विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का ते बघा. चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. हे का, ते शेवटी कळेल.

ही दोन कामं झाली की मशीनला घाम फोडा. एखादा जड गेम, व्हिडिओ एन्कोडिंग, सिनेबेंचसारखा प्रोसेसरची चाचणी घेणारा प्रोग्राम, काहीही. पंधरा मिनिटं प्रोसेसर पूर्ण ताणावर चालू द्या. खोक्यातल्या कूलरवर ३६०० सहज ७५-८० अंशांपर्यंत जातो. त्याची कमाल मर्यादा ९५ आहे, त्यामुळे काळजी नको. या उष्णतेने पेस्ट पुन्हा थोडी मऊ पडते.

मग बंद करा. विंडोजमधून शटडाउन, एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचं बटण बंद, वायर काढून बाजूला. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. कॅबिनेट आडवं, बोर्ड वर तोंड करून. हे सगळं दोन-तीन मिनिटांत व्हायला हवं, म्हणून बाजूचं झाकण आधीच काढून ठेवा आणि स्क्रूड्रायव्हर हाताशी असू द्या. मध्येच फोन आला तर वाजू द्या.

स्थिर विजेसाठी मनगटाला पट्टा बांधायला सांगतात. तो असेल तर उत्तम. पण पट्टा ज्या अर्थिंगला जोडायचा ते आपल्याकडच्या कित्येक घरांत नावालाच असतं. मी साधं करतो: नायलॉनची लुंगी किंवा लोकरीचा स्वेटर घालून बसत नाही, फरशीवर बसतो, सतरंजीवर नाही, आणि प्रत्येक वेळी बोर्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावतो.

आता फॅनची वायर काढा. कूलरचे स्क्रू एकेक करून पूर्ण सोडवू नका, समोरासमोरचे आळीपाळीने दोन-दोन फेरे सोडवत जा. शेवटचा स्क्रू सुटला की बोर्डाच्या मागची लोखंडी पट्टी सैल होते, कधी खाली निसटते. ‘टक्क’ असा आवाज आला तर दचकू नका, ती मागचं दार उघडून परत बसवता येते. रॅम कूलरला खेटून असेल तर काढून ठेवा, फिरवताना कूलरची कड तिच्यावर आपटते.

हात कसे धरायचे ते नीट सांगतो, कारण चूक इथेच होते. फॅनची प्लॅस्टिकची गोल चौकट धरायची नाही, ती वाकते आणि जोर तिरका पडतो. दोन्ही हातांची बोटं खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर समोरासमोर हवीत. कूलर अगदी हलका खाली दाबून ठेवा. हा दाब महत्त्वाचा, कारण आपण नकळत वर खेचतच असतो. आता डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं. थोडं म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा अर्ध्या मिनिटात जेवढा सरकतो तेवढंच. पहिल्या दहा वेळा काहीच होणार नाही. जोर वाढवू नका, वेळा वाढवा. वीस, तीस, चाळीस. पेस्ट सुटताना आवाज येत नाही, बोटांना कळतं. आतापर्यंत जो कूलर खडकासारखा होता तो एकदम तुपावर ठेवल्यासारखा घसरायला लागतो. तरी लगेच उचलायचं नाही. आणखी दहा-पंधरा अंश फिरू द्या, मग एक कड किंचित वर करून खाली बघा. टोपी सॉकेटमध्येच दिसली की कूलर उचला.

तुमचा कूलर चार स्क्रूंचा आहे म्हणून हे सोपं. अडकवायचा आकडा आणि दांडी असलेल्या कूलरमध्ये दोन बाजूंच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या फिरायला जागा देत नाहीत. तिथे त्या पट्ट्यांचे स्क्रू आधी काढावे लागतात.

एवढं करूनही हलला नाही तर पुन्हा तापवा, पुन्हा फिरवा. दोनदा करून भागलं नाही, तर दात साफ करायचा फ्लॉस घ्या. मेण लावलेला, हातभर लांब. कूलरचं बूड आणि टोपी यांच्या सांध्यात तो एका कोपऱ्यातून सरकवा आणि करवतीसारखा पुढे-मागे ओढत न्या. जागा अडचणीची असते, पण अर्धी पेस्ट जरी कापली गेली तरी पुढचं काम फिरवण्याने होतं. त्याच सांध्यात इंजेक्शनच्या सिरिंजने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब सोडून दहा मिनिटं थांबलं तरी मदत होते. चार थेंब म्हणजे चारच, आंघोळ नको. आणि अल्कोहोल लावलं असेल तर जवळपास हेअर ड्रायर नको, ते पेट घेतं. कोविडच्या वेळचं उरलेलं सॅनिटायझर तर मुळीच नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

फ्रीजमध्ये ठेवून पेस्ट कडक करायची युक्ती लोक सांगतात. मी ती करत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेल्या ताटलीवरसुद्धा दोन मिनिटांत पाणी धरतं, मग बोर्डाचं काय होईल?

आता समजा, नशीब फिरलं आणि ‘कच्’ आवाजाबरोबर प्रोसेसर कूलरसकट वर आला. माझ्याकडून हे धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत झालंय. ९४० पिनांचा अथलॉन होता, एका दुकानदाराच्या हिशेबाच्या मशीनचा. मशीनच्या बरोब्बर वर देव्हारा, रोज दोन वेळा उदबत्ती, त्यामुळे पात्यांमध्ये काळी चिकट मेणचट धूळ. घाईत मी कूलर तिरका उचलला. एका कोपऱ्यातल्या बारा पिना आडव्या झाल्या आणि सरळ करताना त्यातली एक तुटली. नवा प्रोसेसर माझ्या खिशातून गेला. तिरका उचलला हीच चूक. प्रोसेसर सरळ वर आला तर बहुतेक वेळा एकही पिन वाकत नाही, वाकतात त्या कलल्यावर.

तेव्हा असं झालंच तर जिथे आहात तिथे थांबा. कूलर खाली ठेवायची घाई नको, नाहीतर पिनांवरच ठेवाल. पिना वर करून टेबलावर ठेवा आणि मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पिनांच्या रांगा चारही बाजूंनी बघा. रांगा शेतातल्या सऱ्यांसारख्या सरळ दिसायला हव्यात. जिथे सरी मोडते तिथे पिन वाकलेली.

पण पिना सरळ करण्याआधी प्रोसेसर कूलरपासून सुटा करायचा. कूलरच्या बुडाला, पिनांपासून लांब, हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं गरम हवा द्या, बोट ठेवलं तर चटका बसेल इतपत. सोल्डरिंगची हॉट एअर गन नको. मग प्रोसेसरच्या हिरव्या पट्टीच्या, म्हणजे जिला पिना असतात तिच्या, कडा चार बोटांत धरून तेच: इकडे थोडं, तिकडे थोडं. पिनांना बोट लागू देऊ नका. हट्टीपणा केला तर फ्लॉस. त्यानेही नाही भागलं तर जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा सांध्यात घालून हलकेच रेटा. आता नीट ऐका: इथे दोन सांधे दिसतात. एक कूलर आणि धातूची टोपी यांच्यामधला, दुसरा टोपी आणि हिरवी पट्टी यांच्यामधला. कार्ड पहिल्यातच जायला हवं. दुसऱ्यात काहीही घुसवलंत तर टोपीच उचकटेल आणि प्रोसेसर संपेल. स्क्रूड्रायव्हरची पहार करणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. गेल्या वर्षी एक मुलगा असाच प्रोसेसर घेऊन आला होता, पिना एकूणएक शाबूत, टोपी वेगळ्या पिशवीत.

पिना सरळ करायला ०.५ मिलिमीटरची शिसपेन्सिल घ्या, ती खटक्याची. शिसं काढून टाका. तिच्या टोकाची पोकळ नळी वाकलेल्या पिनेवर टोपीसारखी बसते. बसवा आणि पेन्सिल हळूच उभी करा. एका दमात पूर्ण सरळ करायला जाऊ नका, पण पुढे-मागेही करत बसू नका. तार दहा वेळा वाकवली की तुटते, पिनेचंही तेच. रांगेची रांग थोडी कललेली असेल तर पातळ कार्ड रांगांच्या मधून सरकवून सगळ्या एकदम सरळ होतात. एकदा लांबीच्या दिशेने बघा, एकदा रुंदीच्या.

एखादी तुटलीच तर लगेच कचऱ्यात टाकू नका. १३३१ मधल्या पुष्कळ पिना वीजपुरवठ्याच्या आणि ग्राउंडच्या असतात, काही वापरातच नसतात. तशी एखादी गेली तरी प्रोसेसर चालू शकतो. रॅमच्या चॅनेलची गेली तर एक स्लॉट दिसेनासा होईल. लावून बघितल्याशिवाय कळत नाही. फक्त तुटलेला तुकडा सॉकेटच्या भोकात राहिलेला नाही ना, हे टॉर्चने बघून घ्या.

सगळ्या पिना जागेवर आल्या की मगच सॉकेटची दांडी वर करा. लक्षात ठेवा, प्रोसेसर उपटून आला तेव्हा ती बंदच होती. काही जण तशाच बंद सॉकेटवर प्रोसेसर दाबून बसवायला जातात आणि वाचलेल्या पिनांचा बळी देतात.

तुमचा प्रश्न नव्हता, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. इंटेलमध्ये २००४ च्या ७७५ सॉकेटपासून आणि रायझनमध्ये २०२२ च्या एएम ५ पासून पिना सॉकेटमध्ये गेल्या, प्रोसेसरला नुसते सपाट सोनेरी ठिपके राहिले. वरून लोखंडी चौकट दाबून धरते, त्यामुळे तिथे कूलरबरोबर प्रोसेसर उपटून येण्याची भीती जवळपास नाही. तिथे भीती वेगळी: चौकट उघडल्यावर प्रोसेसर हातातून निसटून सॉकेटवर पडणं. त्या पिना केसासारख्या असतात आणि वाकल्या की बोर्ड जातो. कडेला धरायचा, सरळ वर उचलायचा, सरकवायचा नाही. म्हणजे कूलर फिरवायच्या इथल्या नियमाच्या बरोबर उलट.

परत तुमच्याकडे. दांडी पूर्ण उभी केली की जुना ३६०० आपोआप सैल होतो. कडेला धरून सरळ उचला. तो चांगला आहे, कुणाच्या तरी कामाला येईल, म्हणून ५६०० च्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. नव्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा आणि नुसता ठेवा. तो स्वतःच्या वजनाने आत बसतो. बसला नाही तर उचलून पुन्हा बघा, बोटाने दाबू नका. मग एका बोटाने हलकासा धरून दांडी खाली.

नव्या खोक्यातल्या कूलरलाही तीच करडी पेस्ट लावलेली असेल. ती वापरली तर चालेल. मी मात्र ती पुसतो आणि ट्यूबमधली साधी, पातळ पेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढी मधोमध ठेवतो. तापमानात फारसा फरक पडतो म्हणून नाही. चार वर्षांनी ते मशीन पुन्हा माझ्याच टेबलावर येणार असतं म्हणून. पुसायला जुन्या सुती बनियनचा तुकडा आणि आयसोप्रोपिल पुरतं. स्क्रू बसवतानाही समोरासमोरचे, दोन-दोन फेरे.

पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा काही सेकंद पडदा काळा राहील, रॅमची जुळणी चालू असते. मग बहुधा इंग्रजीत एक सूचना येईल: नवा प्रोसेसर बसवलाय, एफटीपीएम (प्रोसेसरमधली, बिटलॉकरच्या कुलपाची किल्ली सांभाळणारी सोय) रीसेट करायचं का, वाय की एन? बिटलॉकर नसेल तर बिनधास्त वाय दाबा. असेल तर आधी उतरवून ठेवलेला तो ४८ आकड्यांचा कागद समोर घ्या आणि मग वाय दाबा. कागद सापडत नसेल तर एन दाबा, मशीन बंद करा आणि ३६०० परत लावून की काढून घ्या. आता तो कूलर निघायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.